शवासन : निजणे नव्हे, सैल होणे

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावी वैशाखातल्या दुपारी गार फरशीवर अंग टाकले की डोळा लागतो. ही झोप झाली, शवासन नव्हे. शवासनात मनुष्य जागा असतो, मात्र स्नायू सैल सोडतो. हे वाटते तितके सोपे नाही. आडवे झाल्यावरही जबडा आवळलेला आणि खांदे ताठलेले असतात. स्वतःच पडताळून पाहा!

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. त्यांचा निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला. औषध न घेणाऱ्या १० जणांचा सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या १३४ मिलिमीटरवरून १०७ वर आला होता. अर्थात, यावरून कुणी आपल्या मनाने औषध बंद करू नये.

सतरंजीवर उताणे निजावे. पायांत फूटभर अंतर, हात अंगापासून दूर, तळवे वर. कंबर दुखत असल्यास गुडघ्यांखाली घोंगडीची घडी ठेवावी. त्यामुळे कमरेवरचा ताण हलका होतो. मग पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल सोडावा. श्वास मुद्दाम लांबवू नये. दहा मिनिटे पुरेत. जेवणानंतर लगेच केल्यास झोपच लागायची!

घाई होते ती उठताना. एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते, मेंदूला क्षणभर कमी पडते आणि भोवळ येते. म्हणून आधी कुशीवर वळावे, हातांच्या आधाराने बसावे आणि दोन-चार श्वास झाल्यावर उभे राहावे.