माळा, ट्रंक आणि आमची अ-ब-क-ड

एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत किती सामान मावते, या गणिताचे उत्तर बी.कॉम.च्या कोणत्याही पुस्तकात नाही. आम्ही स्वतः बी.कॉम. आहोत, म्हणून खात्रीने सांगतो. हे उत्तर फक्त बी.डी.डी. चाळीत राहिलेल्या माणसाला ठाऊक असते. जेवढे असेल तेवढे मावते, आणि वर गावाहून आलेला पाहुणाही मावतो.

इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे या चाळी उभ्या केल्या. एका चाळीत ऐंशी खोल्या, संडास सामायिक, आणि छत मात्र उंच. त्या उंच छताखाली फळ्या ठोकून प्रत्येक घराने माळा केला आणि तीन-तीन पिढ्यांचा संसार त्यावर चढवून ठेवला. आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमच्याही चाळीत खोल्या रिकाम्या करण्याची बोलणी सुरू झाली आहेत. म्हणजे आधी सामान भाड्याच्या खोलीत न्यायचे आणि काही वर्षांनी तेथून टॉवरमध्ये. हमाली दोनदा द्यायची, तेव्हा सामान कमी करा, असा ठराव घरात एकमताने पास झाला. कोणाचे सामान कमी करायचे, यावर मात्र मतभेद झाले.

आमची कन्या कॉलेजात जाते. घर रिकामे करण्याचे आता शास्त्र निघाले आहे, असे तिने मोबाईलवर पाहून सांगितले. मारी कोंडो नावाच्या जपानी बाई म्हणतात, प्रत्येक वस्तू हातात घ्यावी. मनाला आनंद झाला तर ठेवावी, नाही झाला तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा. आम्ही लगेच प्रयोग केला. पहिल्यांदा हाताला लागले ते रेशनकार्ड. आनंद काही झाला नाही. मग विजेचे बिल हातात घेतले, तर छातीत धडधडू लागले. या शास्त्राने गेलो असतो तर घरात टी.व्ही.चा रिमोट आणि डब्यातली सुकट, एवढेच शिल्लक राहिले असते.

आमच्या आयुष्मतींनी धम्माचा आधार घेतला. “भन्तेजींकडे आठच वस्तू असतात. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. झालं ! त्यांचं कुठं अडतं ?”

यावर आमच्या आईने शांतपणे विचारले, “भन्तेंना नातवंडं असतात का गं ? त्यांच्याकडे पाव्हणे येतात का मुक्कामाला, आठ-आठ दिवस ?”

सभा तेथेच तहकूब झाली.

धम्माचाच आधार घ्यायचा, तर विनयपिटकातली आनंद स्थविरांची गोष्ट घ्यावी असे आम्हाला वाटते. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या कापडाचे करणार काय, दुकान मांडणार की काय ? त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय ? त्यांची अंथरुणावरची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे ? गादीच्या खोळी. त्या जुन्या झाल्या की जमिनीवरची अंथरणी, मग पायपुसणी, मग फडकी, आणि फडकीही विरली की त्यांचे तुकडे मातीत मळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

वाचकहो, ही गोष्ट आम्ही वर्षावासातल्या प्रवचनात ऐकली तेव्हा आम्हाला आईची गोधडी आठवली. तिच्यात बाबांच्या खाकी पँटचा तुकडा आहे, आत्याच्या लग्नातल्या साडीचा काठ आहे, आणि आमच्या शाळेच्या सदऱ्याचा खिसा तर बटणासकट शिवलेला आहे. ज्या घरात वस्तू वापरून वापरून मातीला मिळते, तेथे अडगळ साठायला नको. मग आमच्या माळ्यावर एवढे आले कोठून ?

याचा छडा लावण्यासाठी आम्ही कचेरीची पद्धत घरात आणली. सरकारी दप्तराची वर्गवारी असते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा वर्षे, आणि ‘ड’ वर्ष झाले की नष्ट करायचे. आम्ही खडू घेतला, शिडीवर चढलो आणि माळ्याचे दप्तर लावायला बसलो.

‘ड’ वर्गात सर्वांत आधी निघाले टी.व्ही.चे खोके, आत थर्माकोलसह. त्यातला टी.व्ही. केव्हाच भंगारात गेला, खोके मात्र “लागलं तर” म्हणून राहिले. मग गेल्या चौदा वर्षांची कॅलेंडरे, मेलेल्या मोबाईलच्या वायरी, कुलपे हरवलेल्या किल्ल्या आणि एका पिशवीत कोंबलेल्या अठ्ठावन्न पिशव्या. लग्नपत्रिका तर इतक्या, की त्यांतली काही जोडपी आता नातवंडांच्या पत्रिका वाटत आहेत.

‘क’ वर्ग म्हणजे आमचे सामाजिक कार्य. ज्याच्या घरी कार्यकर्ता, त्याच्या घरी मंडळाचे गोदाम, हा नियमच आहे. जयंतीची पावतीपुस्तके, निळ्या पताका, पंचशील ध्वज, तीन बॅनर, भाता फुटलेली बाजाची पेटी, आणि आम्हाला वेळोवेळी मिळालेली तेवीस स्मृतिचिन्हे. या स्मृतिचिन्हांत एक गोष्ट समान आहे. खाली चिकटवलेला कागद निघून गेल्यामुळे ती कशाची स्मृती आहेत, हे कोणालाच सांगता येत नाही. सत्काराच्या अकरा शाली निघाल्या. त्या आनंद स्थविरांच्या नियमाने गावच्या बौद्धवाडीतल्या म्हाताऱ्या बायांना पाठवायच्या, असे ठरले. स्मृतिचिन्हे त्यांनाही नकोत, असा निरोप आला आहे.

‘ब’ वर्गात आमचे गाव निघाले. गाव खेड तालुक्यातले. आमच्या लहानपणी मे महिन्यात एस.टी.ने जायचो. रात्रभर प्रवास. कशेडी घाटात गाडी वळली की निम्मी गाडी ओकायची आणि उरलेली निम्मी लिंबू हुंगत बसायची. जाताना ओझे कमी असे. चहापावडर, साखर, जुने कपडे आणि सगळ्या वाडीला पुरतील एवढी बिस्किटे. येताना मात्र अख्खी वाडी पिशव्यांत भरून यायची. तांदळाचे बोचके, कुळीथ, आमसुले, फणसाची साठे, आणि एक सबंध फणस. तो फणस ब्रेक लागला की सुटायचा आणि सीटांखालून घरंगळत थेट ड्रायव्हरच्या भेटीला जायचा. एकदा आईने गावचा वरवंटा पिशवीत घातला. कंडक्टरने पिशवी उचलून पाहिली आणि वैतागून म्हणाला, “बाई, दगड भरलेत का काय ?” आई म्हणाली, “हो.” बिचारा पुढे काय बोलणार ?

१९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. खेड स्टेशन झाले, घाट सुटला, ओकारी सुटली, आणि ओझे दुप्पट झाले. त्या फेऱ्यांतले एक जाते, दोन रोवळ्या, एक सूप आणि आजोबांचे पावसात घालायचे इरले अजून माळ्यावर आहे. वरळीत इरले घालून कोण कामावर जाणार ? पण त्याला हात लावला की आईला आवणीचे दिवस आठवतात. दुसऱ्याच्या शेतात दिवसभर वाकून लावणी करायची आणि भाकरी बांधावर वेगळी बसून खायची. तेव्हा तिच्या आणि पावसाच्या मध्ये असेच इरले असायचे. आम्ही खडूने ‘ब’ लिहिले आणि पुढे सरकलो.

उरलेल्या प्रवासांतून आली ती पुस्तके. आपल्या लोकांना सहल म्हणजे काय ते फारसे ठाऊक नाही, आपण अभिवादनाला जातो. महाडला चवदार तळ्यावर, नागपूरला दीक्षाभूमीवर, कधी पतपेढीचे कर्ज काढून बोधगयेला. बोधगयेहून आम्ही पिंपळाची गळलेली पाने आणली. ती ‘लेखन आणि भाषणे’च्या खंडांत ठेवली आहेत, म्हणून एकही खंड हलवता येत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतताना हातात पुस्तक नाही, असे वर्ष आम्हाला आठवत नाही. भाजी विसरल्याबद्दल बोलणी खाल्ली असतील, पुस्तक आणल्याबद्दल कधी नाही.

बाबासाहेब १९१७ साली शिक्षण अर्धे ठेवून लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. पहिल्या महायुद्धाचे दिवस. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये आले. त्यांतूनच त्यांनी नोकरीसाठी बडोद्याला जाण्याचा खर्च भागवला. परळच्या बी.आय.टी. चाळीत राहून त्यांनी पुन्हा पुस्तके जमवली, इतकी की पुढे दादरला ‘राजगृह’ बांधावे लागले. माणसे कुटुंब वाढले म्हणून घर बांधतात, त्यांनी ग्रंथ वाढले म्हणून बांधले. तेव्हा आमच्या पुस्तकांवर ‘अ’ लिहिताना आम्ही कोणाचीही परवानगी घेतली नाही.

आता राहिली ट्रंक. माळ्याच्या अगदी मागे, भिंतीला लागून. आजोबा मुंबईला आले ते हीच पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव, तेही अर्धे उडालेले. आत धोतराच्या तुकड्यात बांधलेले कागद. भंगारवाला चाचा म्हणाला, “पत्र्याचा भाव येगळा, रद्दीचा येगळा.” दोन्ही मिळून एक वेळची मासळी आली असती.

पण या ट्रंकेची किंमत आम्ही दोन वर्षांपूर्वीच पाहिली आहे. आमच्या पुतणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र हवे झाले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, पण पुरावा तोच, त्या तारखेच्या आधीचा. गावच्या शाळेत चौकशी केली, तर जुने रजिस्टर वाळवीने खाल्लेले. मुदत आठ दिवसांवर आली. भावाने तर “पुढल्या वर्षी बघू” असे म्हणून पोरीकडे पाठ केली, कारण तिचे तोंड त्याला बघवत नव्हते.

आई म्हणाली, “ट्रंक काढा.”

आईला अक्षरओळख नाही. पण कोणत्या कागदाला कशी घडी आहे, कोणत्यावर चहाचा डाग आहे आणि कोणत्याचा कोपरा उंदराने कुरतडला आहे, हे तिला पाठ. तिने पाच मिनिटांत एक पिवळा कागद काढून पुढे ठेवला. तो आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. इयत्ता दुसरी, वर्ष १९३१, आणि जातीच्या रकान्यात ‘महार’. त्या कागदावर पुतणीचे काम झाले. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच धोतराच्या तुकड्यात चाळीच्या जुन्या भाडेपावत्याही होत्या. नव्या घराच्या पात्रतेसाठी कागद मागितले, तेव्हा त्याच पुढे केल्या.

आम्हाला नवल वाटते ते आजोबांचे. टाकण्यात ते आम्हा सर्वांपेक्षा पुढे होते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर त्यांनी गावी जाऊन देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत भरले आणि जगबुडी नदीत सोडून आले. गावकीची कामे सोडली. जपानी बाईंचे पुस्तक निघण्याच्या अर्धशतकाआधी आपल्या लाखो घरांनी अशी साफसफाई केली, तीही एका दिवसाच्या निश्चयाने. पण त्याच आजोबांनी, जी जात टाकली तिचे नाव असलेला कागद मात्र धोतरात बांधून ठेवला. मान वाकवायला लावते ते टाकायचे, आणि काय सोसले त्याची साक्ष देते ते ठेवायचे. दुसरी शिकलेल्या माणसाची ही वर्गवारी आमच्या कचेरीच्या वर्गवारीपेक्षा पक्की निघाली.

म्हणून माळा काढायला निघालेल्या बंधूभगिनींना आमचे एवढेच सांगणे. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला खुर्ची द्या आणि ट्रंक तिच्यापुढे उघडा. ती सांगेल ते त्या कागदाच्या पाकिटावर लिहून ठेवा. दाखले, भाडेपावत्या, सातबारा, सर्व्हिस बुक यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक संच गावी ठेवा, मोबाईलवर फोटो घ्या, पण मूळ कागद सोडू नका. ज्या वस्तूचा दुसऱ्याला उपयोग आहे ती धुऊन, दुरुस्त करून द्या. फाटके दान देऊ नका. बाकीचे खुशाल भंगारात घाला.

आमचे काम जवळजवळ पूर्ण झाले आहे. नव्या घरात माळा नसणार, म्हणून ट्रंक पलंगाखाली जाईल, असे आईने जाहीर केले आहे. टी.व्ही.च्या खोक्याबाबत ‘ड’ वर्गाचा आदेश निघाला आहे. अंमलबजावणी मात्र व्हायची आहे, कारण आमच्या आयुष्मतींनी त्यात अठ्ठावन्न पिशव्या भरून ठेवल्या आहेत.