दोन रेघांचा अर्थ

(बी. ए. भाग २)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे सातबारा असो, सोसायटीची नोटीस असो की दवाखान्याचा कागद, नातेवाईक तो माझ्यापुढे धरतात. गेल्या दिवाळीत मूर्तिजापूरकडच्या मावशीने असाच एक कागद दिला. मावसभावाचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. त्याआधी एका खासगी दवाखान्यात रक्त तपासले आणि काहीही न समजावता, कागद हाती ठेवून ऑपरेशन पुढे ढकलले. “तू तं कालेजात शिकतं, सांग बरं काय लिवलं हाय,” मावशी म्हणाली. कागदावर ‘एच.आय.व्ही. : रिॲक्टिव्ह’ असे होते. मी ठामपणे सांगून टाकले, “मावशी, दादाला एड्स झाला. दूर राहा.” त्या रात्रीपासून दादाचे ताट वेगळे झाले, तो गोठ्यात निजू लागला.

माझ्या त्या बोलण्यात तीन चुका होत्या. त्या कशा, हे सांगण्यासाठी दादाच्या परवानगीने हा लेख लिहीत आहे.

पहिली चूक ‘रिॲक्टिव्ह’ या शब्दाची. झटपट चाचणी म्हणजे बोटाएवढी एक पट्टी. तिच्यावर रक्ताचा थेंब आणि द्रावण टाकले की पंधरा-वीस मिनिटांत रेघा उमटतात. ‘सी’ अक्षरापाशी उमटणारी रेघ पट्टी नीट चालली एवढेच सांगते. ती नसेल तर चाचणीच बाद. ‘टी’पाशीही रेघ आली तर रक्तातील काहीतरी पट्टीवरील पदार्थाला चिकटले. बहुधा ती विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे असतात. पण क्वचित दुसरेच काही चिकटते. म्हणून ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे निकाल नव्हे. पुढे तपासा, अशी ती सूचना आहे.

“पण चाचणी ९९ टक्के अचूक असते ना?” असे कोणी विचारील. हिशेब करून पाहू. भारतात प्रौढांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण हजारी दोनच्या आसपास आहे. समजा, १०,००० लोकांची तपासणी केली. त्यांतील २० जणांना लागण आहे आणि चाचणीने ते सगळे बरोबर पकडले. उरलेल्या ९,९८० निरोगी माणसांत शंभरात एक चूक धरली तरी सुमारे १०० जणांना चुकून ‘रिॲक्टिव्ह’चा कागद मिळेल. म्हणजे १२० कागदांपैकी खरे फक्त २०, सहांत एक! हीच चाचणी जिथे शंभरात दहा जणांना लागण आहे अशा गटात केली, तर बारांपैकी अकरा कागद खरे निघतील. चाचणी तीच, पण कागदाचे वजन माणसागणिक बदलते.

म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात, लक्षणे नसलेल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह’ ठरवण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या बनावटीच्या चाचण्या कराव्या लागतात. माझी आई तूर आधी चाळते, मग सुपात पाखडते, शेवटी हाताने निवडते. चाळणीने न अडवलेला खडा पुन्हा त्याच चाळणीत सापडत नाही. तसेच हे आहे.

चूक उलट बाजूनेही होते. लागण झाल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात. हा काळ तीन महिन्यांपर्यंतही असू शकतो. त्या काळात पट्टी कोरी राहते, पण संसर्ग पसरू शकतो. म्हणून धोका घडला असेल तर एका ‘नाही’वर विसंबू नये, तपासणी पुन्हा करावी.

इतर गुप्तरोगांचीही अशीच गंमत आहे. गरमी, म्हणजे उपदंश, पेनिसिलिनने बरी होते. पण तिची झटपट पट्टी बरे झाल्यावरही बहुधा जन्मभर रेघ दाखवत राहते. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांच्या तपोवनामुळे अमरावतीकरांना कुष्ठरोग परका नाही. त्या रोगात गरमीची व्हीडीआरएल ही जुनी चाचणी चुकून होकार देऊ शकते. परम्याच्या झटपट चाचण्या तर अनेक रोगी निसटू देतात.

माझी दुसरी चूक अशी की एच.आय.व्ही.ची लागण म्हणजे एड्स नव्हे. एड्स ही उपचार न झाल्यास येणारी पुढची अवस्था आहे; आणि २००४ सालापासून सरकार यावरील औषधे मोफत देते. तिसरी चूक ताटाची. हा विषाणू ताटातून, स्पर्शातून, एका छपराखाली निजण्यातून पसरत नाही. म्हणजे दादाचा कागद खरा ठरला असता, तरीही त्याला गोठ्यात पाठवण्याचे कारण नव्हते.

सहा दिवसांनी मी दादाला सरकारी चाचणी केंद्रात नेले. तिथल्या समुपदेशक ताईंनी आधी त्याला बसवले, पाणी दिले, सगळे विचारून त्याची संमती घेतली. २०१७ च्या कायद्याने चाचणीपूर्वी संमती आणि समुपदेशन हा प्रत्येकाचा हक्क आहे, हे मला तिथेच कळले. वेगळ्या चाचण्यांत काहीच निघाले नाही. पुन्हा बोलावले तेव्हाही निकाल तोच आला. दादाचे ऑपरेशन झाले. मावशीने ताट पुन्हा पंगतीत मांडले. दादा मात्र माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कागद वाचणारे आपण एकटेच आहोत. अक्षरे लावता आली म्हणजे अर्थ कळला असे नाही, हे मी दादाच्या सहा रात्रींच्या मोलाने शिकलो. असा कागद तुमच्या हाती आला, तर निकाल देऊ नका. त्या माणसासोबत सरकारी दवाखान्याच्या चाचणी केंद्रात जा. अमरावतीला इर्विनमध्ये, अकोल्याला सर्वोपचारमध्ये ही तपासणी मोफत होते. आणि तोवर त्याचे ताट आपल्या ताटाशेजारीच राहू द्या.