वराहपालन योजना: पिल्लांच्या खाद्यात ड जीवनसत्त्व किती द्यावे?

राष्ट्रीय पशुधन अभियानात वराह प्रजनन केंद्राच्या भांडवली खर्चावर 50 टक्के, कमाल 30 लाख रुपये अनुदान मिळते. खेळत्या भांडवलाला ते मिळत नाही.

अंगावर थेट ऊन पडले तरच डुक्कर ड जीवनसत्त्व तयार करते. पक्क्या शेडमधील पिल्लांना ते ऊन मिळत नाही, दिल्ली परिसरात जानेवारीच्या धुक्यात तर बाहेरही नाही. मादीच्या दुधातही ते अल्पच असते. कमी पडल्यास कॅल्शियम हाडांत बसत नाही, पाय वाकतात, वाढ खुंटते. यालाच मुडदूस म्हणतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 2012 च्या शिफारशीनुसार 5 ते 11 किलोच्या पिल्लाला दर किलो खाद्यात 220 एकके, 11 ते 25 किलोच्या पिल्लाला 200 एकके पुरतात. म्हणजे औषधाच्या दुकानात माणसांसाठी मिळणारी 60,000 एककांची एक पुडी सुमारे 270 किलो खाद्याची गरज भागवते! ती एका पिल्लाला कधीही देऊ नये. मूत्रपिंडात कॅल्शियम साचून ते दगावू शकते. डी3 असलेले डुकरांचे प्रीमिक्स घ्यावे, आधी थोड्या भरड्यात कालवून मग सर्व खाद्यात मिसळावे. तयार खाद्यात डी3 असेल तर वेगळे घालू नये.

पिल्लू सांध्याच्या संसर्गानेही लंगडते, म्हणून आधी पशुवैद्यकाला दाखवावे.