शेततळ्यातील मासा : भाग 7
प्रथिने किती, तेल किती?

कोंबडीपालन करणाऱ्या सिन्नरकरांना खाद्याचे गणित पाठ असते : सोयापेंडीतून प्रथिने, मक्यातून ऊर्जा. शेततळ्यात जिताडा सोडताना मात्र हे गणित चालत नाही. जिताडा मूळचा खाडीचा मासा. अंडी खारट पाण्यात घालतो, पण गोड्या पाण्यातही वाढतो. अलिबाग-पेणच्या तळ्यांत तो छोटी मासळी खाऊन मोठा होतो. अशा मांसाहारी माशाला मक्यातला स्टार्च फारसा उपयोगी पडत नाही. त्याची ऊर्जा येते ती मुख्यतः प्रथिने आणि स्निग्धांशातूनच.

खाद्यात तेल कमी पडले, की मासा महागडी प्रथिनेच ऊर्जेसाठी जाळतो. त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. हिशेब करून पाहा. दीड किलो खाद्यात एक किलो मासा वाढला आणि खाद्यात 45 टक्के प्रथिने असली, तर 675 ग्रॅम प्रथिने खर्ची पडली. त्यातली माशाच्या अंगी लागतात जेमतेम 170 ते 180 ग्रॅम. खाडीत उरलेली घाण भरती-ओहोटी वाहून नेते. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या आपल्या शेततळ्यातून ती जाणार कुठे? त्यात उन्हाळ्याचे तापलेले, शेवाळाने हिरवे झालेले पाणी. त्याचा सामू वाढला की अमोनिया आणखी विषारी होतो.

म्हणून तेल हवे. एक ग्रॅम स्निग्धांशातून प्रथिनांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते आणि प्रथिने मांस बांधायला शिल्लक राहतात. पण तेल वाढवत नेणे हा उपाय नव्हे. मासा ऊर्जेची गरज भागली की खाणे थांबवतो. तेल जास्त झाले तर पुरेशी प्रथिने पोटात जाण्याआधीच तो तृप्त होतो आणि चरबी आतड्याभोवती व यकृतात साठते. नॉर्वेत थंड पाण्यातल्या सामनच्या खाद्यात 30 टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो. वाढत्या जिताड्याला साधारण 45 टक्के प्रथिनांबरोबर 10 ते 12 टक्के पुरतो.

तेल कोणते, हेही महत्त्वाचे. आपल्या सोयाबीनच्या तेलात ऊर्जा भरपूर, पण ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 आम्ले नाहीत. जिताड्याला ती स्वतःच्या शरीरात पुरेशी तयार करता येत नाहीत. म्हणून खाद्यात थोडे तरी तारलीसारख्या माशाचे तेल लागतेच.

तेव्हा खाद्य घेताना पोत्यावरचा प्रथिनांचा आकडाच पाहू नका. त्याशेजारचा स्निग्धांशाचा आकडा आणि तयार केल्याची तारीखही वाचा. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये पोती रचू नका. उष्णतेने तेल खवट होते आणि खवट खाद्य माशाचे यकृत बिघडवते. थंडीत पाणी 20 अंशांखाली गेले की जिताड्याची भूक मंदावते. तेव्हा खाद्याचे प्रमाण लगेच कमी करा. न खाल्लेला प्रत्येक दाणा तळ्यातच कुजतो.

पुढील भागात : पाण्यातला अमोनिया कसा मोजायचा?