जपानला निघालात? मग हे वाचून ठेवा

सगळ्यात आधी प्लग. जपानमध्ये वीज 100 व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं. आपली गोल पिन त्यात शिरतच नाही. अडॅप्टर इथूनच घ्या. मोबाइलचा चार्जर चालतो, इस्त्री घरीच राहू द्या.

शाकाहारी मंडळींनी मात्र जास्त सावध राहायचं. ‘यात मांस आहे का?’ एवढं विचारून भागत नाही, कारण खरी गोम ‘दाशी’त आहे. हा बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क. मिसो सूपमध्ये असतो, उदोन-सोबा नूडल्सच्या रश्शात असतो, भाज्या शिजवतानाही पडतो. ताटात मासा दिसत नाही, म्हणून कळतही नाही! क्योतो किंवा कोयासानला गेलात तर बौद्ध मठांमधलं ‘शोजिन र्‍योरी’ जेवण आवर्जून घ्या. तिथली दाशी समुद्री शेवाळाची. महाग असतं, पण माझ्या मते पैसे वसूल.

रोख येन जवळ हवेतच. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे निघतात. मेट्रो-बससाठी सुईका कार्ड घ्या, ते दुकानांतही चालतं. रेल्वेचा सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर 2023मध्ये 29,650 येनवरून थेट 50,000वर गेला. त्यामुळे नुसतं टोकियो-क्योतो जाऊन-येऊन करायचं असेल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

टिप देऊ नका. रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच दिसतात, एक पिशवी जवळ ठेवा. पोलिसांसाठी 110, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 119.