मालाकॉफ डिगिन्स राज्य ऐतिहासिक उद्यान

मालाकॉफ डिगिन्स राज्य ऐतिहासिक उद्यान हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील नेव्हाडा काउंटीत, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर असलेले संरक्षित स्थळ आहे. जलदाबाच्या साहाय्याने डोंगर फोडून सोने काढण्याच्या पद्धतीची ही त्या राज्यातील सर्वांत मोठी खाण होती. खाणीचा विवर आणि तिच्या आधाराने वाढलेले नॉर्थ ब्लूमफील्ड हे गाव असे दोन्ही उद्यानात समाविष्ट आहेत. कॅलिफोर्नियातील बहुतेक सुवर्णस्थळे सोन्याच्या शोधासाठी प्रसिद्ध आहेत. हे स्थळ मात्र खाण थांबविणाऱ्या न्यायनिर्णयामुळे अधिक महत्त्वाचे ठरते.

नाव आणि गाव

१८५०च्या दशकाच्या आरंभी येथे आलेल्या खाणकामगारांच्या पदरी निराशा आली, म्हणून त्यांनी ओढ्याला ‘हंबग’ म्हणजे थोतांड असे नाव दिले. वस्तीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे सोने मिळू लागल्यावर रहिवाशांना ते नाव खटकू लागले आणि १८५७ मध्ये ‘ब्लूमफील्ड’ हे नाव स्वीकारण्यात आले. त्या नावाचे दुसरे गाव राज्यात आधीच असल्याने टपालाच्या सोयीसाठी त्यामागे ‘नॉर्थ’ जोडावे लागले. मालाकॉफ हे नाव क्रिमियन युद्धातील सेव्हास्तोपोलच्या प्रसिद्ध बुरुजावरून आले, असे सांगतात.

खाणकामाची पद्धत

येथील सोने खडकातील शिरांत नव्हते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी वाहून आणलेल्या आणि कालांतराने डोंगरांखाली गाडल्या गेलेल्या गोट्यांच्या व वाळूच्या जाड थरांत ते अत्यंत विरळ पसरलेले होते. घमेल्याने किंवा कुदळीने असे सोने काढणे परवडण्यासारखे नव्हते. १८५३ मध्ये एडवर्ड मॅटिसन याने नेव्हाडा सिटीजवळ नळीतून जोराने पाणी सोडून माती कोसळविण्याची युक्ती वापरली, आणि तिचाच पुढे अवाढव्य विस्तार झाला.

उंचावरील जलाशयांतून मैलोगणती कालव्यांनी पाणी आणले जाई. उतारावरून लोखंडी नळांतून खाली येताना त्याचा दाब वाढे आणि ‘मॉनिटर’ नावाच्या तोफेसारख्या नळीतून ते कड्यावर आदळे. ढासळलेला चिखल लाकडी पन्हळींतून वाहवीत. पन्हळींच्या तळाशी आडव्या पट्ट्या असत व त्यांत पारा घातलेला असे. जड सोने तळाशी बसून पाऱ्यात मिसळे, माती पुढे निघून जाई. हे मिश्रण तापवून पारा उडविला की सोने उरे. सर्व पारा मात्र परत मिळत नसे. बराचसा गाळाबरोबर नदीत जाई.

नॉर्थ ब्लूमफील्ड ग्रॅव्हल मायनिंग कंपनी १८६६ मध्ये स्थापन झाली. विवर खोल होत गेल्यावर पाणी व गाळ बाहेर काढण्यासाठी कंपनीने ७,८४७ फूट लांबीचा बोगदा खोदला. तो १८७४ मध्ये पूर्ण झाला. पाण्याच्या पुरवठ्यावर लक्ष ठेवण्यासाठी १८७८ मध्ये या परिसरात सुमारे ६० मैल लांबीची दूरध्वनी तार टाकण्यात आली. त्या काळाचा विचार करता ही सोय थक्क करणारी होती. विवर सुमारे ७,००० फूट लांब, ३,००० फूट रुंद आणि काही ठिकाणी ६०० फूट खोल झाला.

गाळ आणि खटला

खाणीतील मातीचे पुढे काय होते, हे डोंगरावरील लोकांना दिसत नव्हते. ते सखल प्रदेशातील शेतकऱ्यांना दिसले. युबा नदीचे पात्र गाळाने भरत वर आले, पूर शेतांत शिरू लागले आणि सुपीक जमिनीवर वाळू पसरली. मेरिसव्हिल शहराने बांध घातले, नदी उंचावली तसे ते वाढविले. तरीही १८७५ मध्ये शहर पुराखाली गेले. गाळ सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत पोहोचला.

मेरिसव्हिलचे जमीनमालक एडवर्ड्स वुडरफ यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडण्यास कायमची मनाई केली. या निर्णयाने जलदाबाच्या खाणकामावर सरसकट बंदी घातली नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. परंतु गाळ सोडता येत नसेल तर ही पद्धत चालविणे अशक्यप्राय होते. १८९३च्या कॅमिनेटी कायद्याने गाळ अडविण्याच्या अटीवर परवाने देण्याची सोय केली, तरी पूर्वीचे वैभव परतले नाही आणि नॉर्थ ब्लूमफील्ड ओस पडत गेले.

उद्यानभेट

१९६०च्या दशकात हा परिसर राज्य उद्यान झाला. नेव्हाडा सिटीपासून सुमारे २६ मैलांचा रस्ता वळणावळणाचा असून हिवाळ्यात हिमवर्षावामुळे अडचण येऊ शकते. गावात जुने दुकान, औषधालय, चर्च व शाळा पाहता येतात. संग्रहालयात खाणकामाची माहिती मिळते आणि एक मॉनिटरही पाहायला मिळतो. विवराच्या कडेने फिरणाऱ्या पायवाटेवरून पांढरे, पिवळे व तांबूस कडे दिसतात. पावसाने कोरलेल्या त्यांच्या सुळक्यांमुळे ते नैसर्गिक वाटतात. प्रत्यक्षात ते पाण्याच्या माराने उघडे पडलेले डोंगराचे अंतरंग आहे. तळाशी पाइन व विलोची झाडे उगवली असून कोसळलेल्या मातीने विवराची खोली बरीच कमी झाली आहे. हिलर बोगद्यातून विजेरी घेऊन चालत जाता येते. आत पाणी असते, त्यामुळे पाय भिजतातच. मुसळधार पावसात विवरातून अजूनही गढूळ पाणी हंबग ओढ्यात उतरते, आणि त्या गाळाबरोबर जुना पाराही खाली वाहत जातो.