पाहणीतील उत्तरांची प्रतवारी व शेतकऱ्यांचे गट

सुधारित पद्धती गावात कितपत रुजल्या हे जाणण्यासाठी प्रश्नावली भरून घेतली जाते. ‘माती तपासून खत देणे पटते काय?’ या प्रश्नास ‘मुळीच नाही’, ‘थोडे’, ‘बरेच’, ‘पूर्णपणे’ अशी उत्तरे येतात. मत मोजण्याची अशी चढती श्रेणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. पुढे कचेरीत या उत्तरांस १ ते ४ अंक देऊन सरासरी काढतात, आणि घोटाळा होतो तो येथेच.

हे अंक म्हणजे क्विंटल नव्हेत. बाजारात पहिल्या प्रतीचा गूळ दुसऱ्या प्रतीहून सरस असतो. किती सरस, हे प्रतीच्या आकड्यावरून कळत नाही. समजा, दहांपैकी पाच शेतकऱ्यांचे उत्तर १ व पाचांचे ४ आले. सरासरी अडीच. परंतु अडीच हे मत त्या गावात कोणाचेच नाही! पहिल्या पाचांच्या शेतावर प्रात्यक्षिक हवे. दुसऱ्या पाचांस मातीचा नमुना घेण्याची रीत सांगितली म्हणजे पुरे. सरासरीवर बेतलेला सल्ला दोघांच्याही कामाचा नाही.

म्हणून प्रथम उत्तरांतील अंतर ठरवावे लागते. शेतकरी उत्तरांच्या क्रमाने रांगेत उभे आहेत असे समजा: सहांचे ‘मुळीच नाही’, दोघांचे ‘थोडे’, दोघांचे ‘बरेच’. त्यांचे सरासरी क्रमांक अनुक्रमे साडेतीन, साडेसात व साडेनऊ. म्हणजे पहिल्या दोन उत्तरांत ४ चे अंतर, पुढील दोहोंत २ चे. सर्व प्रश्नांवरील अशी अंतरे मिळवली की कोणते दोन शेतकरी विचाराने जवळचे ते दिसते. त्यावरून गट पाडण्याची एक चांगली रीत कॉफमन व रूसो या संख्याशास्त्रज्ञांनी १९८७ साली दिली. तीत गटाच्या मध्यभागी काल्पनिक सरासरी नसते; गटातील इतरांपासून एकूण सर्वांत कमी अंतरावर असलेला प्रत्यक्ष शेतकरीच असतो. प्रात्यक्षिकाची आखणी करताना आधी त्याच्याशी बोलता येते, हा लाभ लहान नव्हे.

हिशेब संगणक करील. ग्रामसेवकाने मात्र उत्तर शब्दांतच लिहावे, आणि ‘माहीत नाही’ हे ‘थोडे’ व ‘बरेच’ यांच्या मध्ये कधीही दडपू नये. तो रकाना वेगळा ठेवावा. ‘माती तपासणे व्यर्थ आहे’ असा उलटा प्रश्न असल्यास त्याच्या उत्तरांचा क्रम गट पाडण्यापूर्वी फिरवून घ्यावा.